राळ, सुतळी आणि सबुरी

या पुस्तकात नीट केलेली एकही दुरुस्ती नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची निराशा व्हायला नको. मोडलेलं नव्यासारखं करणारा कारागीर मी नाही, आणि ज्या जागी या गोष्टी घडल्या तिथे असा कारागीर असता तरी त्याच्या हाताला हत्यार मिळालं नसतं. 'दुरुस्ती' आणि 'डागडुजी' हे शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो. माझ्या मते त्यांच्यात पुष्कळ अंतर आहे. दुरुस्त केलेली वस्तू पूर्ववत होते. डागडुजी केलेली वस्तू मुक्कामापर्यंत पोचते, एवढंच. हे पुस्तक डागडुजीचं आहे, आणि तीही एका ठरावीक प्रसंगातली: रस्ता, दुकान आणि फोन दोन-तीन दिवसांच्या अंतरावर आहेत, आपण तळ्याच्या काठी उभे आहोत, आणि परत जायला जे एकमेव वाहन आहे तेच गळतंय.

ते वाहन म्हणजे कनू. तिला मराठीत काय म्हणायचं यावर आम्ही चौघांनी एकदा शेकोटीभोवती अर्धी रात्र वाद घातला. 'होडी' म्हटलं की मालवणची उलांडीची होडी डोळ्यांपुढे येते, 'नाव' म्हटलं की मागोमाग नावाडी आणि त्याचं भाडं येतं, आणि 'डोंगी' कुणाच्याच तोंडी बसेना. शेवटी 'कनू'च ठेवली आणि ती स्त्रीलिंगी ठरवली. दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, पाच-साडेपाच मीटर लांबीची, पुढे एक आणि मागे एक अशा दोघांनी एकेरी पात्याच्या वल्ह्यांनी चालवायची. या वर्णनात महत्त्वाची गोष्ट राहूनच गेली. एकट्या माणसाने उलटी करून खांद्यावर घ्यावी आणि रानातून चालू लागावं, इतकी ती हलकी असते.

तो मुलूखच तसा आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत 'बाउंडरी वॉटर्स' नावाचं राखीव अरण्य आहे. दहा लाखांहून अधिक एकरांचा विस्तार आणि त्यात हजाराहून अधिक तळी. १९६४ च्या कायद्याने त्याला अरण्याचं संरक्षण मिळालं. सीमेपलीकडे ओंटारिओ प्रांतातलं क्वेटिको उद्यान. हिमनद्यांनी खरवडलेला खडक, त्याच्या खळग्यांत साठलेलं पाणी, आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जायला मधली जमीन ओलांडणारी पायवाट. सगळं सामान आणि कनू उचलून ही वाट पार करायची, याला पोर्टेज म्हणतात. नकाशांवर तिची लांबी अजून 'रॉड'मध्ये लिहितात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळपास एका कनूएवढं अंतर. बहुतेक भागात इंजिनाला बंदी आहे, एका गटात नऊपेक्षा जास्त माणसं चालत नाहीत, आणि खाण्यापिण्याच्या काचेच्या बाटल्या, पत्र्याचे डबे आत न्यायला मनाई आहे. हा शेवटचा नियम कचऱ्यासाठी केलेला, पण त्याचा फटका डागडुजीला बसतो. रिकामा डबा कापून त्याचा पत्रा भोकावर ठोकणं हा लाकडी होड्यांवरचा जुना, सोपा उपाय. इथे तो डबाच जवळ नसतो.

आता थोडं मागे जातो, कारण ही सगळी विद्या जिथून आली तिथे गेल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

भूर्जपत्र आपल्याला माहीत असतं ते पोथ्यांमुळे. हिमालयातल्या भूर्जाची साल सोलून त्यावर आपल्याकडे ग्रंथ लिहिले गेले. त्याच कुळातला एक भूर्ज उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यात वाढतो. तिथल्या ओजिब्वे लोकांनीही त्याच्या सालीवर आपल्या धर्मविधींची चित्रलिपी कोरली, आणि त्याच सालीच्या त्यांनी कनू बांधल्या. त्यांच्या भाषेत साल म्हणजे 'विग्वास', कनू म्हणजे 'जीमान'. साल झाडावर असते त्याच्या उलट बाजूने लावतात: झाडाच्या अंगाला चिकटलेली तांबूस बाजू पाण्याकडे, आणि ओळखीची पांढरी बाजू आत. बरगड्या आणि आतल्या पातळ फळ्या सीडरच्या लाकडाच्या. साल शिवायची ती स्प्रूस झाडाच्या मुळ्यांनी. मुळी उकरायची, भिजवायची, मधोमध उभी चिरायची आणि तिचा दोरा करायचा. शिवणीवर स्प्रूसचीच राळ वितळवून लावायची, तीत जनावराची चरबी आणि कोळशाची पूड मिसळून. नुसती राळ थंडीत तडकते. चरबी जास्त झाली तर उन्हात ओघळते. म्हणून सालीच्या तुकड्यावर थोडी लावून, गार करून, वाकवून बघायचं आणि मग प्रमाण ठरवायचं. या सगळ्यात एकही खिळा नाही. शिवलेली नाव ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही; अरबी समुद्रावर काथ्याने शिवलेली जहाजं शतकानुशतकं फिरली, आणि अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात तशीच शिवून बांधलेली 'कौंडिण्य' २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली.

मला या सगळ्यात भुरळ पडते ती एका गोष्टीची. ती कनू ज्या मुलखातून जायची, त्याच मुलखाची बनलेली असायची. साल, मुळ्या, राळ, सीडर, सगळं काठावर उभं. फुटली तर किनाऱ्याला लागायचं आणि हवं ते झाडावरून काढून घ्यायचं. सतराव्या-अठराव्या शतकात फ्रेंच आणि नंतर ब्रिटिश व्यापाऱ्यांनी बीव्हरच्या कातड्यांसाठी हीच कनू उचलली आणि मोठी केली. माँट्रियलहून निघणाऱ्या मोठ्या कनू अकरा मीटरपर्यंत लांब असत. त्या वल्हवणाऱ्या मजुरांना 'व्हॉयाजर' म्हणत. नव्वद-नव्वद पौंडांची दोन गाठोडी कपाळावरच्या पट्ट्याला लटकवून पोर्टेज पार करणं हे त्यांचं रोजचं काम. त्या काळावर रंगीत चित्रं पुष्कळ आहेत, गाणी पुष्कळ आहेत, पण एक कामाची गोष्ट त्यात सहसा दिसत नाही. भरलेली कनू ते कधी काठावर ओढत नसत. कंबरभर पाण्यात उतरून सामान काढत, मग रिकामी कनू अलगद उचलून बाहेर आणत आणि उलटी ठेवत. रात्री तीच त्यांच्या डोक्यावरचं छप्पर. आणि झोपण्याआधी कुणीतरी जळतं लाकूड घेऊन प्रत्येक शिवणीवरून फिरायचा, तडकलेली राळ पुन्हा वितळवायचा आणि ओल्या अंगठ्याने दाबून बसवायचा. सालीची एक गुंडाळी, मुळ्यांची एक वेटोळी आणि राळेचा साठा प्रत्येक कनूत असायचाच.

या डागडुजीची परीक्षा बघायची असेल तर अलेक्झांडर मॅकेन्झीचा १७९३ चा प्रवास बघावा. नॉर्थ वेस्ट कंपनीचा हा स्कॉटिश भागीदार रॉकी पर्वत ओलांडून पॅसिफिक महासागर गाठायला निघाला होता. त्याच्या कनूची मापं त्याने स्वतःच लिहून ठेवली आहेत: लांबी २५ फूट, त्यात दहा माणसं आणि ३,००० पौंड सामान, आणि तरीही चांगल्या वाटेवर दोन माणसं ती तीन-चार मैल न थांबता वाहू शकत. १३ जूनला, पर्वताचा माथा ओलांडून उतरणाऱ्या एका अरुंद, खवळलेल्या ओढ्यात ती खडकावर आदळली. आधी मागचं टोक फुटलं, मग पुढचं. पुढे बसलेल्या तांडेलाने नाव थोपवायला काठावरच्या झाडाची फांदी पकडली, तर फांदीनेच त्याला उचलून किनाऱ्यावर फेकलं. मग एका धबधब्यावरून खाली येताना तळाला भोकं पडली, आडव्या पट्ट्या निखळल्या आणि कनू पाण्यावर चटईसारखी पसरली. बाकीचे सगळे तिला धरून वाहत गेले आणि उथळ पाण्यात कसेबसे थांबले. बंदुकीच्या गोळ्यांचा सगळा साठा बुडाला.

माणसं म्हणत होती, परत फिरू. मॅकेन्झीने आधी त्यांना शेक घेऊ दिला, पोटभर जेवण आणि रम दिली, आणि मगच तोंड उघडलं. (मोडलेल्या वस्तूआधी दमलेल्या माणसाकडे बघायचं, हे आमच्या चौघांना कळायला दोन सहली लागल्या.) मग माणसं साल शोधायला गेली. धड साल मिळाली नाही. जी मिळाली ती, मेणकापडाचे थोडे तुकडे आणि भरपूर राळ, एवढ्यावर तो सांगाडा पुन्हा तरंगता झाला. दरम्यान बंदुकीची ऐंशी पौंड ओली दारू उन्हात वाळत घातली होती आणि एक पठ्ठ्या पेटता पाइप तोंडात धरून तिच्यावरून निवांत चालत गेला. ती पेटली नाही म्हणून ही गोष्ट आपल्यापर्यंत आली. पुढचे दोन आठवडे कनू चालली, पण ठिगळांवर ठिगळं चढून ती जड आणि खिळखिळी होत गेली. शेवटी जूनच्या अखेरीस मॅकेन्झीने ठरवलं, आता बास. काठावर मुक्काम करून त्यांनी नवी कनू बांधली. पुढे नदी सोडून ते पायी निघाले, किनाऱ्याजवळ तिथल्या लोकांच्या नावा मिळाल्या, आणि २२ जुलैच्या तारखेनिशी त्याने समुद्रकाठच्या एका खडकावर आपलं नाव लिहिलं. वितळलेल्या चरबीत हिंगूळ कालवून.

मला त्या खडकापेक्षा जूनअखेरचा तो निर्णय मोठा वाटतो. ठिगळ कुठवर लावायचं हे ज्याला कळतं, त्यालाच डागडुजी कळली. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, असं आपण हताश होऊन म्हणतो. मॅकेन्झीने तेच हिशेबाने म्हटलं आणि कुऱ्हाड हातात घेतली.

सालीच्या कनू बांधायची विद्या विसाव्या शतकात जवळजवळ बुडाली होती. ती कागदावर उतरली याचं मोठं श्रेय एडविन टॅपन ॲडनी या माणसाला. १८८९ मध्ये न्यू ब्रन्सविकमध्ये मॅलिसीट जमातीच्या एका कारागिराशेजारी बसून त्याने पहिली कनू बनताना पाहिली आणि मग उभा जन्म त्यात घातला. वेगवेगळ्या जमातींच्या शंभराहून अधिक कनूंच्या एक-पंचमांश आकाराच्या प्रतिकृती त्याने स्वतः बांधल्या. त्या आज व्हर्जिनियातल्या मरीनर्स म्युझियममध्ये आहेत. १९५० मध्ये तो वारला, टिपणांचा ढीग तसाच राहिला, आणि हॉवर्ड शॅपेल या नौकातज्ज्ञाने तो निस्तरून १९६४ मध्ये स्मिथसोनियनतर्फे ग्रंथ केला. ओजिब्वे लोकांत अशा कनू बांधणारे कारागीर आजही आहेत. आपल्यासारख्या पाहुण्याला मात्र बाउंडरी वॉटर्समध्ये जिवंत झाड तोडायला किंवा उभ्या भूर्जाची साल सोलायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. दरवर्षी येणाऱ्या हौशी लोकांनी एकेक पट्टी सोलली तर काठावर भूर्ज उरायचे नाहीत. म्हणजे गंमत बघा, जुन्या नावेचं सगळं सामान डोळ्यांसमोर उभं आहे, पण आपल्या नावेला त्याचा उपयोग नाही आणि हात लावायची परवानगीही नाही.

आपली नाव वेगळ्याच मातीची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेन राज्यातल्या कारागिरांनी सालीऐवजी कॅनव्हास ताणायला सुरुवात केली. त्या कनू देखण्या, दुरुस्तीला सोप्या, पण पाणी पिऊन जड होणाऱ्या. १९४४ मध्ये ग्रुमन या विमान कंपनीचा एक अधिकारी, विल्यम हॉफमन, ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरांत अशीच एक जड कनू वाहून दमला आणि त्याच्या मनात आलं की विमानाच्या ॲल्युमिनियमची कनू का करू नये. युद्धानंतर ती बाजारात आली आणि दोन-तीन पिढ्यांनी तीच वल्हवली. ॲल्युमिनियमची डागडुजी सर्वांत कमी नाजूक: चेपलेली कनू उलटी करून पायाने तुडवायची, दगडाने ठोकायची, आवाजाने मैलभरातले पक्षी उडतात, पण ती घरी पोचते. नंतर रॉयलेक्स नावाचं फेसाळ प्लास्टिक आलं, खडकाभोवती दुमडलं तरी उन्हात पुन्हा फुगून सरळ होणारं. आता ते बनत नाही, आणि ज्यांच्याकडे जुनी रॉयलेक्सची कनू आहे ते तिला घरच्या म्हाताऱ्यासारखं जपतात. आज भाड्याने मिळते ती बहुधा केवलारची. स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ मध्ये शोधलेल्या या धाग्याने कनूचं वजन १८-२० किलोंवर आणलं. खांद्याला सुख. पण केवलार काठावर उगवत नाही. म्हणून काठ सोबत न्यावा लागतो, एका पिशवीत.

ती पिशवी हाच या पुस्तकाचा विषय. माझी साधारण पावशेर साखरेच्या पुडीएवढी आहे. तिच्यात जाड सुई, दात साफ करायचा मेणाचा दोरा (शिवायला याच्याइतका चिवट दोरा मी पाहिला नाही), पक्कड असलेला चाकू, बारीक तार, स्क्रूने आवळायचे दोन क्लॅम्प, माझ्या कनूच्या मापाचे चार नट-बोल्ट, तंबूच्या मोडलेल्या काठीवर सरकवायची नळी, एपॉक्सीची कांडी, सेफ्टी पिना आणि मेणबत्तीचं थोटूक. डक्ट टेप वेगळा नेत नाही; तो पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेला असतो.

या टेपची जन्मकथा मला आवडते. १९४३ साली इलिनॉयमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात व्हेस्टा स्टाउट नावाची बाई काडतुसांच्या खोक्यांची तपासणी करायची. खोकी कागदी पट्टीने बंद करून मेणात बुडवलेली असत आणि ऐन वेळी उघडायला ओढलं की पट्टीचं टोक तुटायचं. तिची दोन मुलं नौदलात होती. वरिष्ठांनी ऐकलं नाही तेव्हा तिने कापडी, जलरोधक पट्टी सुचवणारं पत्र थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना लिहिलं. सूचना मान्य झाली आणि टेप बनवायचं काम जॉन्सन अँड जॉन्सनकडे गेलं. पुढे डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या अंतराळवीरांच्या हातून चंद्रावर गाडीचा मडगार्ड तुटला, तेव्हा नकाशाचे कागद याच टेपने जोडून त्यांनी नवा मडगार्ड केला. यावरून लोकांचा समज होतो की टेप असला की झालं. तसं अजिबात नाही, आणि ते मला कसं कळलं ते सांगतो.

सप्टेंबरातली सहल होती. चौघे, दोन भाड्याच्या केवलारच्या कनू. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला, लाटांत पाण्याखालचा खडक दिसला नाही, आणि आमच्या कनूच्या तळाला वीतभर भेग पडली. चूक आमची, वारा वाढतोय हे दिसत असताना तळं मधोमध ओलांडायचा हट्ट माझा होता. एका लहानशा खडकाळ बेटाला लागलो, ओलीच कनू उलटी केली, शर्टाच्या बाहीने पुसल्यासारखं केलं, टेप चिकटवला आणि निघालो. दहा मिनिटांत पायाशी पाणी आलं. मागे वळून बघितलं तर टेप शेपटीसारखा पाण्यावर तरंगत आमच्यामागून येत होता.

परत बेटावर. तिथे बसल्या बसल्या मला सांगलीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाचं सायकलचं दुकान आठवलं. पंक्चर काढायला गेलो की मी घाई करायचो आणि दुकानदार अजिबात करायचा नाही. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, जागा कोरडी करायची, काचकागदाने घासायची, सोल्युशन लावायचं, आणि मग नुसतं बसायचं. "काका, लावा ना आता ठिगळ." "वाळू दे की रं. ओल्यावर लावलं तर चौकापातूर बी जायचं न्हाई." सोल्युशन बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ. मी शेकडो वेळा हे पाहिलं होतं, आणि मिनेसोटातल्या तळ्यावर ओल्या केवलारवर टेप लावला.

मग आम्ही ते काकांच्या पद्धतीने केलं. आमच्यातला एक जण घरून पंचा घेऊन यायचा आणि त्यावरून आम्ही त्याची टिंगल करायचो; अख्ख्या सामानात तेवढंच कोरडं सुती कापड होतं. त्याने भेगेचा भाग आतून-बाहेरून कोरडा केला. सुटलेले धागे चाकूने कापून टाकले, कारण केवलार घासलं की गुळगुळीत व्हायच्या ऐवजी त्याचा पिंजलेला कापूस होतो. हात धुवायच्या जंतुनाशकाने जागा पुसली. स्टोव्हवर पाणी तापवून पातेलं त्या जागेवर फिरवलं, इस्त्रीसारखं, म्हणजे केवलारला ऊब येईल. टेपचे कोपरे गोल कापले, कारण टोकदार कोपरा पाणी आधी उचकटतं. आधी आतून, मग बाहेरून, दुसरी पट्टी पहिलीवर अर्धी चढवून. शेवटी चमच्याच्या पाठीने घासत बसलो. सगळ्याला अडीच तास लागले आणि त्या दिवशीचा मुक्काम त्या बेटावरच झाला. ठिगळ चार दिवस टिकलं. कनू परत केली तेव्हा भाड्याने देणाऱ्याने ते बोटाने चाचपून पाहिलं, मान डोलावली आणि बिल हातात ठेवलं.

बाकीच्या बहुतेक गोष्टी यापेक्षा क्षुल्लक असतात, आणि सहली बिघडतात त्या त्यांच्यामुळेच. तंबूची चेन दात पकडेना झाली की डास आत येतात आणि रात्र जाते. सरकणीच्या दोन्ही कडा पकडीने अगदी हलक्या दाबल्या आणि दातांवर मेणबत्ती घासली की बहुधा भागतं. जोर जास्त लागला तर सरकणीचे दोन तुकडे होतात, म्हणून हे काम संतापात करायचं नाही. बुटाचा तळ सुटतो, पिशवीचा पट्टा उसवतो, वल्ह्याचा दांडा मोडतो. मोडलेल्या दांड्याला पडलेल्या वाळक्या लाकडाच्या दोन चिपा लावून क्लॅम्पने आवळता येतात, हाड बसवणारा वैद्य कामट्या बांधतो तसं. पण खरं उत्तर जास्तीचं वल्हं सोबत नेणं हेच.

कनू खांद्यावर घ्यायला तिच्या मधोमध एक आडवा लाकडी आधार असतो. त्याला आम्ही 'जू' म्हणतो. बैलाच्या मानेवर असतं तेच, फक्त बैल आपण. एकदा दीडशे रॉडच्या वाटेवर त्याचा नट कुठेतरी चिखलात पडला आणि जू निसटलं. तेव्हा कनूच्या आडव्या पट्ट्यांना दोन वल्ही समांतर बांधली, त्यांची पाती खांद्यांवर येतील अशी, आणि मधल्या फटीत डोकं घातलं. ही युक्ती फार जुनी आहे आणि विकतच्या जूपेक्षा फारशी वाईट नाही. तेव्हापासून चार नट-बोल्ट पिशवीत आले.

आणि स्टोव्ह. हे प्रकरण पुस्तकात सर्वांत मोठं झालंय, त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पंपाचे स्टोव्ह आपल्या स्वयंपाकघरांतून गेले, तसे ते रानातल्या सहलींतून अजून गेलेले नाहीत. रॉकेलऐवजी पांढरं पेट्रोल, एवढाच फरक. पंप हलका लागू लागला, दट्ट्या नुसताच खालीवर होऊ लागला, की चामड्याचा वायसर सुकलेला असतो. आई दट्ट्या बाहेर काढायची, वायसराला खोबरेल लावायची, त्याच्या कडा बोटाने बाहेर वळवायची आणि पुन्हा बसवायची. दोन मिनिटांचं काम. आमच्याबरोबर आलेल्या एका मित्राने त्याच बिघाडावर आपला स्टोव्ह फेकून नवा घेतला होता. त्या सहलीत हीच वेळ आली तेव्हा खोबरेल थंडीने बाटलीत गोठलेलं होतं, म्हणून फोडणीच्या शेंगतेलावर भागवलं. पिठलं झालं.

अशा गोष्टी लोक सांगतात तेव्हा त्यांना 'जुगाड' म्हणून डोक्यावर घेतात. हा शब्द मला आवडत नाही आणि पुस्तकात तो पुन्हा येणार नाही. त्यात एक टाळी आहे: बघा, कशी वेळ मारून नेली! पेन्सिल तासायच्या चाकूने वल्हं कोरणाऱ्या बहाद्दरांच्या कथा मीही आवडीने वाचतो. पण जळतं लाकूड घेऊन रोज संध्याकाळी शिवणी तपासणाऱ्या त्या मजुराची कथा कुणी लिहिली नाही, कारण त्याच्या कनूला फारसं काही झालंच नाही. नव्या नावा इतक्या चिवट झाल्या की आम्ही ती संध्याकाळची फेरी विसरलो. ढिला झालेला नट तीन दिवस ढिलाच होता. कुणी बोट लावून बघितलं नाही. म्हणून पुस्तकाचं पहिलं प्रकरण कनू उलटी करून तिच्यावरून हात फिरवण्याचं आहे. ते कंटाळवाणं आहे. तेवढं एकच वाचलंत तरी चालेल.

या पुस्तकात काय नाही तेही सांगतो. वेगवान पाण्यात अडकलेल्या माणसाला कसं काढावं, हाड मोडलं तर काय करावं, थंड पाण्यात पडलेल्याला कसं ऊब द्यावी, हे इथे नाही. ती शिकण्याची जागा वर्ग आहे, पुस्तक नाही. इथल्या सगळ्या उपायांत वस्तू मोडलेली आहे आणि माणूस धड आहे, असं गृहीत धरलेलं आहे. यातले बरेचसे उपाय माझे नाहीत; पोर्टेजवर समोरून आलेल्या अनोळखी लोकांनी पिशवी खाली ठेवून दाखवलेले आहेत. जे मी स्वतः करून पाहिले नाहीत ते घेतले नाहीत, आणि जे फसले ते का फसले यासकट घेतले आहेत.

मराठीत का लिहिलं, असं मला इकडे विचारतात. मिनियापोलिसला किंवा टोरोंटोला राहणारी मराठी कुटुंबं उन्हाळ्यात या तळ्यांवर दिसू लागली आहेत. नव्या मुलखात माणूस हाताने काही करायला बसला की त्याला शिव्या आणि युक्त्या दोन्ही आपल्याच भाषेत सुचतात. शिवाय तंबूची चेन, स्टोव्हचा वायसर आणि बुटाचा तळ सह्याद्रीतही असाच दगा देतो. तिकडच्या वाचकाने कनूची पानं उलटून पुढे जावं, मला वाईट वाटणार नाही.

शेवटची आठ पानं कोरी सोडली आहेत. तुमच्या सहलीत काय मोडलं, कशाने बांधलं आणि ते किती दिवस टिकलं, एवढंच त्यांवर लिहा. फसलेलं आधी लिहा. आणि पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई पहिल्याच पावसात पसरते.